कंपनीची वायर कापायची नाही

आमच्या खोलीत स्टोव्ह एकच होता. त्यावर सकाळी आई भाकऱ्या करायची, आणि ती एपीएमसीत कांदा निवडायला गेली की त्याच स्टोव्हवर आण्णा तांब्याचा ठोकळा तापवायचे. आण्णा म्हणजे माझे वडील. तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलबाहेर फूटपाथवर त्यांची वायरमनची टपरी होती. टपरीला लाइट नव्हती, म्हणून ट्रकचे हॉर्न, डायनॅमो, वायरिंगची गुंडाळी असलं सगळं ते कोपरखैरण्याच्या खोलीवर आणायचे आणि त्या तापल्या ठोकळ्यानं कथील वितळवून जोड सोल्डर करत बसायचे. ते त्याला डाग देणं म्हणत. डाग द्यायच्या आधी वायरीला पेस्ट लावायची, ती पेस्ट जळली की पांढरा धूर निघायचा, आणि तो धूर आमच्या अंथरुणात, पिठाच्या डब्यात, माझ्या शाळेच्या दप्तरात जाऊन बसायचा. संध्याकाळी आई यायची ती सडक्या कांद्याचा वास घेऊन. मार्केटमध्ये निवडताना बाजूला टाकलेल्या कांद्यांतले बरे ती पदरात आणायची, त्यातलेही निम्मे आतून काळे निघायचे, आणि ते काळं कापून टाकून उरलेल्याचीच आमची भाजी व्हायची. लोक अशा दिवसांबद्दल हळवं होऊन लिहितात. मला त्या दिवसांची अजून शिसारी येते आणि ती मी लपवत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. खारघरला इलेक्ट्रिकलची डिग्री केली. वर्गातल्या मुली नवीन बिल्डिंगमधल्या, त्यांच्या कपड्यांना कपड्यांचाच वास. माझ्या ओढणीला पेस्टचा. एकीनं विचारलं होतं, तुझ्या घरी काही जळलंय का? मी म्हटलं होतं, हो, रोज जळतं. त्यावर ती हसली नाही आणि मीही हसले नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना रस्त्याच्या कामात आण्णांची टपरी उठवली गेली. मग ते वाशीच्या बाजूला एका मोठ्या अॅक्सेसरीच्या दुकानात लागले. दुकान एसीचं, काचेचं. तिथे जीपवाले यायचे. आमच्या नवी मुंबईत ही एक नवीनच जमात उगवली होती. आठवडाभर टाय लावून कंप्युटरपुढे बसायचं किंवा भाड्याच्या गाळ्यांचं भाडं गोळा करायचं, आणि रविवारी मोठ्या टायरची जीप घेऊन कर्जतच्या मागे चिखलात घालायची. त्या जीपला टपावर लाइटची पट्टी, पुढे दोन पिवळे दिवे, बंपरला रुतलेली गाडी ओढायची विंच, मागे टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर. प्रत्येक वस्तूला वायर लागते आणि प्रत्येक वायर कुठेतरी गाडीच्या मूळ वायरीला जोडावी लागते. सगळी घाण त्या जोडात होती.

दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: नो वायर कटिंग. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य हेच बोलायचं, कंपनीची वायर कापायची नाही हां, वॉरंटी जाते. नवी गाडी घेतलेल्या माणसाच्या मनात ही भीती इतकी भिनलेली असते की छताला ड्रिलनं भोकं पाडलेली चालतात, बंपर करवतीनं कापलेला चालतो, पण कंपनीच्या वायरीला हात लावला की त्याचा जीव जातो. सोवळं असतं ते. हे सोवळं सांभाळायला दुकानात एक क्लिप वापरायचे, निळ्या प्लॅस्टिकची, पेटीसारखी, आत धातूचं पातं. तिला चिमटा म्हणत. कंपनीची वायर एका खाचेत बसवायची, नवी वायर दुसऱ्या खाचेत, आणि पक्कडीनं कट्ट करून मिटायचं. पातं दोन्ही वायरींच्या प्लॅस्टिकात घुसतं आणि जोड होतो. कापलं काहीच नाही असं गिऱ्हाइकाला दाखवता येतं. आत ते पातं तांब्याच्या तारा चावतं, चार-दोन तोडतं, आणि प्लॅस्टिक फोडून पाण्याला वाट करून देतं. घरात, कोरड्यात, एखाद्या किरकोळ वायरीला ते चालेलही. चिखलात बुडणाऱ्या गाडीला असलं काही लावणाऱ्याच्या हाताची मला किळस येते.

आण्णा चिमटा लावायला तयार नव्हते. एवढं एकच त्यांनी शेठला सांगून ठेवलं होतं. शेठनं तोड काढली. ज्या वायरी नव्या, अॅक्सेसरीकडच्या, तिथे आण्णांनी डाग द्यायचा; कंपनीच्या वायरीला जिथे चिकटायचं तिथे दुसऱ्या फिटरनं चिमटा लावायचा. एकाच गाडीत दोन माणसांचं काम. ही वाटणी शेठला फार सोयीची होती, आणि किती सोयीची ते पुढे कळलं.

डिग्री झाल्यावर मी रबाळ्याला एका कारखान्यात लागले. तिथे गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे वायरींच्या तयार जुड्या, बनतात. मी क्वालिटीत होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की अख्ख्या कारखान्यात वायरीला वायर जोडायला कुणी सोल्डर करत नाही. तांब्याची छोटी नळी, दोन्ही बाजूंनी वायरी आत, आणि मशिननं दाब. दाब इतका की तारा आणि नळी मिळून एकच घन तुकडा होतो. तो तुकडा आडवा कापून आम्ही मायक्रोस्कोपखाली बघायचो, आत फट दिसली तर लॉट बाजूला. सोल्डर का नाही, तेही तिथे शिकवलं. वितळलेलं कथील जोडापाशी थांबत नाही, तारांमधून पुढे चढत जातं, आणि जिथवर चढलं तिथवर मऊ वायर काडीसारखी ताठ होते. गाडी हादरत राहते. मऊ आणि ताठ भागाच्या सीमेवर वायर रोज वाकते आणि एक दिवस तिथेच तुटते. ओढून बघाल तर जोड भक्कमच असतो. तो ओढण्यानं मरत नाही, हादऱ्यानं मरतो.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आण्णांनी एक जुना जोड काढला, माझ्या हातात एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाले, "ओढ. सुटला तर सांग." सुटला नाही. विषय त्यांच्यापुरता संपला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दुकानातच वायरिंग केलेली एक जीप परत आली. जीपवाला इथल्याच गावठाणातला, आगरी, तरणाताठा, गळ्यात जाड चेन. आजोबांची भातशेती होती त्या जागेवर आता त्यांच्या बिल्डिंगा आहेत. रविवारी तो बायको आणि लहान मुलीला घेऊन बाकीच्या जीपवाल्यांबरोबर कर्जतकडच्या एका नाल्यात उतरला होता. नाल्याच्या मध्यावर टपावरचा लाइट गेला आणि पाठोपाठ इंजिनही बंद पडलं. पाणी चढत सीटपर्यंत आलं. मुलीला खिडकीतून बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या जीपवाल्यांनी दोर लावून गाडी ओढली.

शेठनं बॉनेट उघडून लाइटच्या वायरीवरचा आण्णांचा जोड सोलून दाखवला. तो तुटलेलाच होता, कथिलाच्या कडेला, बरोब्बर. शेठ म्हणाला, यानंच गाडी बंद पडली, म्हाताऱ्याला किती वेळा सांगितलं, सोल्डर नको म्हणून. त्यानं त्याच दिवशी जीपवाल्यांच्या ग्रुपवर तुटक्या जोडाचा फोटो टाकला. आण्णांना घरी बसायला सांगितलं, आणि वाशीपासून पनवेलपर्यंत कुणी यांना कामाला ठेवणार नाही याची सोय करतो, असंही ऐकवलं. साठीच्या माणसाला. ज्याला दुसरं काही येत नाही आणि ज्याच्याकडे त्याच्या कामाशिवाय दाखवायला दुसरं काही नाही.

आण्णा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. हे सगळं मला आईनं कामावर फोन करून सांगितलं. पुढच्या दिवशी मी सुट्टी टाकली, आण्णांना उठवलं आणि दुकानात गेले. जाताना ते म्हणत होते, कशाला, तमाशा होईल. मी म्हटलं, तमाशा त्यांनी केलाय, आपण फक्त गाडी बघू.

जीपवाला तिथेच होता, त्याच्या नावानं नवीन हार्नेस मागवायची बोलणी चालू होती. मी कोण ते सांगितलं. शेठ हसला. म्हणाला, "मॅडम, कॉलेज वेगळं, गाडी वेगळी. टेन्शन नका घेऊ, चहा घ्या." मी चहा घेतला नाही. जीपवाल्याला विचारलं, गाडीखाली बघू का? तो म्हणाला, "बघ. मला बी बघाचंच हाय. माजी पोरगी मागं बसलेली."

मला लाइटशी घेणंदेणं नव्हतं. लाइट गेला म्हणून इंजिन बंद पडत नाही. मी इंधनपंपाकडे जाणारी वायर धरून मागे मागे गेले. दाराच्या खाली, पायरीच्या आतल्या बाजूला, टेपचा एक लगदा होता. टेप सोलली तर बोटांना काळा चिकट राप लागला, मग बुळबुळीत चिखल, त्यात कुजलेली पानं, केस, आणि नाल्याच्या पाण्याचा तो गटारी वास. सगळं पुसलं तेव्हा आत निळा चिमटा. टपावरच्या लाइटचा रिले, म्हणजे त्याचा आपोआप चालणारा खटका, चावीबरोबर चालू व्हावा म्हणून कुणीतरी त्याला हाताला लागलेल्या पहिल्या वायरीवरून करंट दिला होता, आणि ती होती थेट पंपाची वायर. का? तर ती तिथे जवळ होती. पाच मिनिटांत काम उरकतं. चिमटा उघडला तर तांबं उरलंच नव्हतं, नुसती हिरवी पूड होती, जखमेवर पिकलेल्या पुवासारखी. दोन तारा कशाबशा लटकत होत्या. त्याही माझ्या हातात तुटल्या.

मी नुसतं दाखवून थांबले नाही. चिमटा कापून काढला, चांगलं तांबं लागेपर्यंत वायर सोलली आणि पंपाची दोन टोकं तात्पुरती जोडली. जीपवाल्याला चावी फिरवायला सांगितलं. पंपाचा घूं आवाज आला आणि इंजिन चालू झालं. टपावरचा लाइट बंदच होता, कारण आण्णांचा जोड तसाच तुटलेला होता. हेच मला दाखवायचं होतं. लाइटचा जोड तुटलेला असताना गाडी चालत होती.

जीपवाला खाली उतरला. त्यानं तो चिमटा तळहातावर घेतला.

"ही कोनी बसवली?"

शेठ म्हणाला, दुसऱ्या पोरानं, पण बघा, यात कंपनीची वायर कापत नाहीत, तुम्हीच म्हणाला होतात कापायची नाही.

"मंग ह्या काय हाय?" त्यानं हिरवी पूड शेठच्या शर्टाच्या बाहीला पुसली. "कापली नाय, खाल्ली."

इथवर थांबले असते तर आण्णांच्या बाजूनं सगळं छान झालं असतं. पण शेठनं मला विचारलं, आणि मोठ्यानं, चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं, की मग तुमच्या वडिलांचा जोड बरोबर होता का, ते सांगा. मी शिकले ते अर्धवट बोलायला नाही. मी म्हटलं, नाही. हादरणाऱ्या गाडीत लोंबकळत्या वायरीला डाग देणं चूक आहे, तो याच जागी तुटतो. इंजिन त्यानं बंद पडलं नाही, पण लाइट त्यानंच गेला.

आण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं.

शेठ टाळी वाजवून म्हणाला, बघा, पोरगीच बोलते. जीपवाल्यानं त्याला गप केलं. ग्रुपवर फोटो टाकलायस ना, म्हणाला, आता ह्याचा बी टाक, नायतर मी टाकतो. त्यानंच टाकला. म्हणजे आण्णांच्या कपाळावरचा इंजिनाचा डाग गेला, पण नोकरी गेली ती गेलीच. आपल्याच दुकानातली घाण गिऱ्हाइकापुढे उघडी करणाऱ्या माणसाला कोण ठेवील?

घरी जाताना आण्णा रिक्षात म्हणाले, "लोकांम्होरं बोलायची काय गरज हुती? घरात बोलायचं हुतंस."

"घरात बोलले होते. तुम्ही म्हणालात, ओढ."

"मग? सुटला न्हाई की."

 पुढे कितीतरी दिवस आमचं बोलणं जेवायला वाढू का, इतकंच होतं. आई दोघांवर चिडायची. म्हणायची, बापलेक मिळून वायरी चघळा आता.

मग एक दिवस मी कामावरून येताना आण्णा चाळीच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे बसलेले दिसले. त्या पंक्चरवाल्याचा हवेचा कॉम्प्रेसर म्हणजे एक भयंकर प्रकार आहे, चालू झाला की शेजारची भांडी वाजतात. आण्णांनी त्याच्या टाकीवर तीन वायरी टांगल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेक नट बांधलेला, लोलकासारखा. मी विचारलं नाही तरी त्यांनी सांगितलं. पहिल्या वायरीत साधा डाग. दुसऱ्या वायरीत डाग, पण वरून प्लॅस्टिकची नळी चढवून आणि दोन्ही अंगांनी टाकीला घट्ट बांधलेला. तिसऱ्या वायरीत माझ्या कपाटातल्या डब्यातली तांब्याची नळी, माझ्याच क्रिंपिंग टूलनं दाबलेली. न विचारता घेतलं होतं. पंक्चरवाला म्हणत होता, काका, गिऱ्हाईक विचारतंय हे काय तोरण लावलंय.

साध्या डागाची वायर आधी तुटली, कथिलाच्या कडेलाच. आण्णांनी ती उचलून चष्मा वर करून बराच वेळ पाहिली. तिसरी शाबूत होती. आणि दुसरीही शाबूत होती, बांधलेली. ती त्यांनी माझ्या नाकासमोर धरली.

"बांधून ठेवला तर डाग बी टिकतोय. हे तुझ्या कालेजात सांगितलं न्हाई वाटतं."

सांगितलं होतं. पण मी म्हटलं, बरं, टिकतो. मग ते टूल हातात घेऊन म्हणाले, ह्याचा दांडा लई ताठ हाय, आणि नळीत वायर किती सरकवायची ते दाखव. त्यांचा पहिला जोड मी ओढला तेव्हा सुटला. त्यांनी पक्कडीच्या सवयीनं टूल अर्ध्यावरच सोडलं होतं. हे टूल पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही, त्यांनी खटका मारून जबरदस्तीनं उघडलेलं. मी सांगितलं आणि ते चिडले, आणि परत दाबलं. तो नाही सुटला.

जीपवाला आला तो असाच चौकशी करत, चाळीत, शूज चिखलात भरवून. त्याला सगळी वायरिंग काढून पहिल्यापासून करून हवी होती. अट एकच, दुकानात नाही. गावठाणात त्यांच्या घराला लागून पत्र्याची एक शेड रिकामी होती, तिथे करा म्हणाला. आण्णांनी विचारलं, "कंपनीची वायर कापली तर चालंल का?" तो म्हणाला, "काका, कापा. पोरीला परत खिडकीतना नाय काढाची मला."

त्या जीपमधून आम्ही जे काढलं ते एका बादलीत ठेवलं होतं. चिमट्यांचा खच, टेपचे लगदे, कुणीतरी दातांनी सोललेल्या वायरी, एका जागी फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटाची चांदी. आतल्या सीट लेदरच्या, डॅशबोर्डवर अत्तराची कुपी, आणि खाली हे. मला त्या शेठइतकीच या गिऱ्हाइकांचीही चीड आली. लाइट किती लांब जातो ते सगळे विचारतात. वायर कशी जोडली ते एकही वाकून बघत नाही. पंपाच्या वायरीचा तात्पुरता जोड आम्ही पक्का केला, पण लाइटसाठी तिला हातच लावला नाही. लाइटला बॅटरीपासून स्वतंत्र वायर, तिचा वेगळा फ्यूज, प्रत्येक जोड नळीनं दाबलेला, वर गोंदवाली प्लॅस्टिकची नळी तापवून बसवलेली, पाणी शिरायला जागा नाही, आणि दर वीतभरावर वायर चॅसीला बांधलेली. बांधायचा आग्रह आण्णांचा. जिथे कंपनीची वायर कापावी लागली तिथे सरळ कापली आणि सरळ जोडली. डाग दोनच ठिकाणी दिला, दिव्यांच्या आतल्या पट्टीवर, जिथे वायर हलत नाही. तो आण्णांनीच दिला आणि तसा मला आजही येत नाही.

जीपवाल्यानं पुढच्या रविवारी गाडी त्याच नाल्यात घातली. बायको मुलीला घेऊन काठावर थांबली होती, आणि तिचं बरोबर होतं. गाडी पार गेली, परत आली. त्यानं बाकीच्यांना सांगितलं. ते आले, वॉरंटीची तीच टेप वाजवत आले. मी प्रत्येकाला आधी बादली दाखवायचे. काही जण तोंड वाकडं करून निघून गेले आणि वाशीला जाऊन चिमटे लावून आले. जावोत. सगळ्या जगाची वायरिंग करायचा मक्ता आम्ही घेतलेला नाही.

कामं वाढली तशी मी रबाळ्याची नोकरी सोडली. शेडमधून आम्ही कोपरखैरण्यात भाड्यानं गाळा घेतला, आणि गेल्या वर्षी तो विकत घेतला. पाटीवर माझी डिग्री आहे, ती आण्णांनी लिहून घेतली. आण्णा रोज सकाळी जाऊन शटर उघडतात, काम करतात, आणि त्यांना घरी बसायला सांगणारं आता कुणी नाही.